खाऱ्या पाण्याचा गारवा

परवा सकाळी समोरच्या घरात माळ्यावरून कूलर खाली आला. होळी विझली की आमच्या अकोल्यात हा सोहळा घरोघरी होतो. पत्र्याचा तो अवजड खोका अंगणात आणायचा, गेल्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या गवताच्या ताट्या उपटून फेकायच्या, नव्या ताट्या तारेने आवळायच्या, मोटारीला तेल द्यायचं, आणि टाकी भरून पहिल्यांदा बटण दाबलं की सगळ्या घरादाराने दोन मिनिटं त्याच्यापुढे बसायचं. ओल्या गवताचा तो पहिला वास. लहानपणी मी त्या वासासाठी परीक्षेचा अभ्यास सोडून उठायची. आता तो वास आला की माझं डोकं फिरतं. परवाही फिरलं. खिडकी लावून घेतली, तरी तो फटीतून आलाच.

चार उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. खरं तर ती गोष्टसुद्धा नाही, एक साठलेला राग आहे, आणि तो दर वर्षी मार्चमध्ये ताजा होतो. त्याची सुरुवात एका कागदापासून होते. नव्या यंत्राच्या खोक्यात तळाशी घडी घालून ठेवलेला असतो ना, कुणीही न वाचणारा, तो कागद. मी वाचला होता. त्यात लिहिलं होतं की हे यंत्र खोलीच्या सर्वसाधारण तापमानात वापरावं. सर्वसाधारण म्हणजे किती, तर पंचवीस अंश. हे वाक्य लिहिणारा माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. त्याला मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्याच्या बसस्थानकावर उतरवीन आणि विचारीन की बाबा रे, तुझी सर्वसाधारण खोली यातली कोणती?

माझं यंत्र म्हणजे कॉम्प्युटर. तोही गेमिंगचा, आणि आकाराने दिवाळीच्या चिवड्याच्या डब्याएवढा. तो मी स्वतः, एकेक भाग निवडून बांधला होता; कागद होता त्यातल्या मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य पाटीच्या खोक्यातला. एवढा लहान का, तर माझी दोन घरं आहेत. सासर अमरावतीला, नवरा तिथल्या कॉलेजात शिकवतो. माहेर अकोल्याला, आणि माहेरी आई गेल्यापासून बाबा एकटे. मी एकुलती एक. महिन्यातून दोन-तीनदा मूर्तिजापूरमार्गे एसटीने ये-जा, आणि माझं काम ज्या डब्यात, तो डबा मांडीवर. एकदा कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट लागेल म्हणून हुज्जत घातली होती. आत कॉम्प्युटर आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. नातेवाइकांचा तर अजून बसत नाही. ‘अजून गेमच खेळते का व?’ असं मला दर लग्नात कुणीतरी विचारतंच. गेम खेळायला जे यंत्र लागतं तेच गेम बनवायला लागतं, हे सांगून सांगून मी थकले आहे.

त्या वर्षी मला पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने आठ आठवड्यांचं परीक्षेचं काम दिलं होतं. एका गेमचा एक टप्पा पूर्ण करून दाखवायचा. पसंत पडला तर घरी बसून कायमचं काम. अमरावती-अकोला सोडायचं नाही, बाबांना सोडायचं नाही, नवऱ्याला सोडायचं नाही, आणि तरी जे आवडतं तेच करायचं. अशी संधी आमच्याकडच्या मुलीच्या दारात दोनदा येत नाही. मी टप्प्यासाठी कापसातली सरकी काढणारं जिनिंग निवडलं. धामणगाव रेल्वेला मामाकडे जाताना लहानपणी पाहिलेलं आवार, कापसाचे डोंगर, मागून जाणारे रूळ, पत्र्याच्या फटीतून आत पडणारे उन्हाचे पट्टे आणि त्यात तरंगणारे तंतू. ते पट्टे मला हुबेहूब हवे होते. प्रत्येक किरण कुठे आपटतो, कुठून परततो, याचा हिशेब कॉम्प्युटरचा प्रोसेसर करतो, आणि तो तासन् तास पूर्ण ताकदीने राबतो. उन्हाचा हिशेब करता करता माझा प्रोसेसर उन्हानेच मेटाकुटीला येणार होता, हे मात्र मी धरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी डबा मांडीवर घेऊन अकोल्याला आले, ती दोन महिने राहायच्या तयारीने. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. बाबांनी मान डोलावली. बाबा म्हणजे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. कॉलनीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे सरच म्हणतात.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी आठवल्या की अजून कानशिलं तापतात. सकाळी नऊलाच फरशी पायाला लागायची. नळ उघडला तर पहिली बादली चहाच्या आधणासारखी. दहा ते पाच रस्ता मेलेला, फक्त दुपट्ट्यात तोंड बांधलेली एखादी मुलगी स्कूटीवरून जायची. गच्चीवर शेजारणीच्या खारोड्या एका दिवसात खडखडीत वाळायच्या. बाकी सगळ्यांच्या उपयोगी पडणारं ऊन होतं ते. गहू वाळत होते, मिरच्या वाळत होत्या, कुरड्या वाळत होत्या. आणि पुढच्या खोलीत माझा डबा धापा टाकत होता.

पडद्याच्या कोपऱ्यात मी तापमानाचा आकडा लावून ठेवला होता. काम सुरू केलं की पाचच मिनिटांत तो पंच्याण्णवावर जायचा. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. म्हणजे जे काम चार तासांत व्हायचं त्याला नऊ तास. मी काय नाही केलं? प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा मलम असतो, तो पुसून नवा लावला. डब्याचा एका बाजूचा पत्रा काढून टाकला. खालून श्वास घेता यावा म्हणून दोन विटांवर ठेवला. पंखा उलटा फिरवून पाहिला. वीज थोडी कमी पाजली. लहान डब्यात मोठा पंखा मावत नाही, आणि मावला असता तरी काय? पंखा हवा गार करत नाही, फक्त ढकलतो. खोलीतली हवाच त्रेचाळीस अंशांची असेल तर तो त्रेचाळीस अंशांचीच ढकलणार. इंटरनेटवर जाणकारांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, एसी लावा. जणू एसी न लावणं हा माझा स्वभावदोष होता. आमच्या त्या जुन्या वायरिंगवर दुपारी ट्यूबलाइट नीट पेटायची नाही, एसी कुठून चालणार होता? पण हे त्यांना सांगायला गेलं की ते विचारायचे, तुम्ही नक्की राहता कुठे?

बाबा एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून दुसऱ्या डोळ्याने हे सगळं पाहत होते. एक दिवस ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि तो आकडा कशाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांच्यातला मास्तर जागा झाला. बाष्पीभवन, म्हणाले. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेतं, माठ गार राहतो तो याच कारणाने. मग त्याच दिवशी त्यांनी शेजारच्या माणसाला हाताशी घेतलं आणि आपल्या झोपायच्या खोलीतला कूलर माझ्या खोलीत आणवला, थेट डब्याच्या उघड्या बाजूसमोर. स्वतःसाठी छताचा पंखा ठेवला.

आकडा पंच्याण्णववरून अठ्ठ्याहत्तरवर आला. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी राहिले होते. बाबा, तुमी जिंकले, म्हणाले मी. ते इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी चष्मा नसताना पेपर वाचायचा प्रयत्न केला.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. जिनिंगचं आवार उभं राहिलं. कापसाचे ढीग, वजनकाटा, रुळांवरचा डबा. उन्हाचे पट्टे बसायला लागले. जमा करायला चार दिवस उरले होते आणि एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, झालं नाही. पुन्हा केलं, पंखा अर्धा फिरून थांबला.

मी डबा मांडीवर घेऊन उजेडात नेला आणि आत पाहिलं. पांढरं. प्रोसेसरवरच्या पातळ पत्र्यांच्या कडांना, पंख्याच्या पात्यांना, हिरव्या पाटीवरच्या बारीक पायांना, सगळीकडे पांढरी बुरशी चढल्यासारखं. बोटाला लागलं ते मी जिभेला लावलं. मीठ.

जो इथला नाही त्याला हे सांगावं लागतं. पूर्णेच्या काठचा आमचा हा सगळा टापू खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमिनीत खोल गेलं तर पाणी लागतं, पण खारं. नळाचं गोडं पाणी उन्हाळ्यात येतं ते पाच-सहा दिवसांनी एकदा, आणि ते प्यायला. ते कूलरला घालणं म्हणजे पाप. कूलरला बोअरचं पाणी, हा घरोघरचा नेम. म्हणूनच मे संपता संपता कूलरच्या ताट्या पापडासारख्या कडक होतात, पत्र्यावर पांढरे ओघळ येतात आणि आम्ही ते दरवर्षी घासून काढतो. हे मला माहीत होतं. मी त्याच गावात वाढले होते. तरीही त्या खाऱ्या पाण्याचे तुषार तीन आठवडे मी माझ्या डब्याच्या उघड्या पोटावर घेत बसले आणि आकडा खाली आला म्हणून आनंदले. आमच्याशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. पुण्याच्या माणसाला तर ती करताही आली नसती.

पण त्या क्षणी मला हे सुचलं नाही. बाबा तेव्हाच दारातून आत येत होते. दोन्ही हातांनी धरलेली बादली, अर्ध्याहून जास्त भरलेली, धोतराचा सोगा भिजलेला. कूलर पुढच्या खोलीत आणल्यावर बोअरचा पाइप तिथवर पोचत नव्हता. मग टाकी कोण भरत होतं, हा प्रश्न तीन आठवड्यांत मला एकदाही पडला नव्हता. डॉक्टरांनी जड उचलू नका सांगितलेला माणूस दिवसातून आठ-दहा वेळा ही बादली आणत होता. आणि हे दिसल्यावर माझ्या तोंडून काय निघालं?

“बाबा, तुमाले कोन सांगतलं होतं मधात पडाले? माह्या कामाचं वाटोळं केलं तुमी. यापुढं या खोलीत येऊच नका.”

त्यांनी बादली हळूच खाली ठेवली. जवळ आले, एका डोळ्याने डब्यात पाहिलं, बोटाने ती पांढरी पूड टिपली. बराच वेळ बोट निरखत राहिले.

“पान्याची वाफ होते, मीठ मागं राह्यते,” ते म्हणाले. “तीस वर्ष पोट्ट्यायले मी हेच शिकवलं.”

आणि बादली उचलून निघून गेले. भरलेली बादली परत घेऊन गेले, हे मला आत्ता लिहितानाही सहन होत नाही.

पुढचे चार दिवस म्हणजे आगीतून फुफाट्यात. पाटी बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. त्या मुलाने फोटो मागितले, पाहिले, आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, पाणी सांडलेलं नाही, ही आमच्याकडची हवा आहे. तो म्हणाला, मॅडम, यंत्र योग्य वातावरणात वापरलं गेलं नाही. योग्य वातावरण. आमच्या गावातल्या दुकानातून यंत्र विकताना कुणी विचारत नाही तुमचं वातावरण योग्य आहे का म्हणून. पैसे घेताना अकोला चालतं, दुरुस्तीच्या वेळी तेच अकोला गैरवापर ठरतं. निम्मा देश ज्या हवेत चार महिने काढतो ती हवा यांच्या कागदात धरलेलीच नाही, आणि गुन्हेगार कोण, तर तिथे राहणारे आम्ही.

पुण्याला फोन करून मी आणखी चार दिवस मागितले. पलीकडचा माणूस भला होता, हेच वाईट. तो हसला. विदर्भातलं ऊन ऐकून आहे म्हणाला. मग इकडेच का येत नाही, आमच्याकडे हवा छान आहे, असंही म्हणाला. मुदत काही वाढवता येत नव्हती.

शेवटी टिळक रोडच्या एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने डबा वाचवला. त्याने पाटी उघडली, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने धुतली, मग स्पिरिटसारखं काहीतरी लावून दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक पाय साफ केला. ताई, खारं पानी हाय, मोबाइलमंधीबी असंच जाते, एवढंच म्हणाला. त्याला तरी मला काही समजावून सांगावं लागलं नाही. डबा सुरू झाला, पण अर्धी मेमरी कायमची गेली होती. मी प्रोसेसरचा वेग अर्ध्यावर बांधून पहाटे चारपासून ऊन चढेपर्यंत बसले. अर्धं आवार उतरलं. उन्हाचे पट्टे बसलेच नाहीत. तसंच पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कल्पना चांगली आहे, मात्र प्रकाशयोजना अपुरी वाटते. मी ते वाक्य तीनदा वाचलं. बाहेर बेचाळीस अंश होते, डोळे उघडवत नव्हते, आणि अकोल्याच्या बाईला पुण्याहून कळवण्यात आलं होतं की तुझ्याकडे ऊन कमी पडतं.

नोकरी हुकली याचा राग मी पुष्कळ दिवस त्या कागदावर काढला, त्या गोड आवाजाच्या मुलावर काढला, पुण्याच्या छान हवेवर काढला. या तिघांना त्याचा काही त्रास झाला नाही. ज्याला व्हायचा त्याला आधीच होऊन गेला होता. वड्याचं तेल वांग्यावर काढायची आपली जुनीच सवय. ज्यांच्यापर्यंत हात पोचत नाही त्यांचा हिशेब आपण जवळच्या माणसाकडून वसूल करतो, कारण तो पळून जाणार नसतो.

त्या उन्हाळ्यात कूलर परत बाबांच्या खोलीत गेला खरा, पण त्यांनी तो लावला नाही. हे माझ्या लक्षात यायला पाच दिवस लागले. व्हरांड्यात डोक्यावर ओला पंचा टाकून ते दुपार काढत होते. का लावत नाही विचारलं, तर म्हणाले, आवाज होते त्याचा, तुले काम असते. मी माफी मागितली. आमच्या घरात मागतात तशी, म्हणजे त्यांच्या ताटात दहीभात वाढला, शेवग्याच्या शेंगांचं पिठलं केलं, आणि माझंच चुकलं असं एकदा तोंडाने म्हणून टाकलं. जाऊ दे व, म्हणाले. डोळा नीट बरा झाला. डॉक्टरांना बादलीचं त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. घरूनच. घराचं वायरिंग नवं केलं, पुढच्या खोलीत एसी बसवला. आता मे महिन्यात त्या खोलीत तो कागदवाला माणूस आला तर त्याला अगदी घरच्यासारखं वाटेल. पंचवीस अंश. डबा शांतपणे काम करतो, आकडा साठीच्या वर जात नाही, आणि मला याचा मनापासून आनंद होत नाही. एक खोली आम्ही त्यांच्या कागदासारखी करून घेतली. बाकीचं गाव जिथे होतं तिथेच आहे. समोरच्या घरातला कूलर परवापासून खाऱ्या पाण्यावर घरघरतो आहे.

काल दुपारी मी काम करत होते. बाहेर झळा सुटल्या होत्या. चुळबुळ ऐकू आली म्हणून मागे वळून पाहिलं तर बाबा पेपर घेऊन दारात उभे. उंबऱ्याच्या बाहेर, चप्पल काढून. किती वेळ उभे होते कोण जाणे. हे घर त्यांनी बांधलं आहे. या खोलीत त्यांनी निम्म्या गावाच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आहेत. चार वर्षांत ते या उंबऱ्याच्या आत एकदाही आलेले नाहीत, हे मला तेव्हा, त्या क्षणी समजलं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी पेपर काखेत धरला आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडून दाखवले.

“घडीभर आत बसलो तं चालन का व?” त्यांनी विचारलं. “हात कोरडे हायेत माहे.”